सांभाळ कोणी करायचा?

परक्या मुलुखात गेलेल्या माणसाचे घर, काम, भाषा सारेच बदलते. पण त्याचे मूलच तिथल्या सरकारने ताब्यात घेतले तर? नॉर्वेत एका सोमाली मुस्लिम मुलीवर ही वेळ आली. 2009 साली केनियात तिला मुलगा झाला तेव्हा ती स्वतःच अल्पवयीन होती. 2010 मध्ये ती त्याला घेऊन नॉर्वेत आली, तिला आश्रयही मिळाला. त्याच वर्षी, तिच्या हातून मुलाचा सांभाळ नीट होत नाही म्हणून बालकल्याण खात्याने त्याला ताब्यात घेतले. आपल्या नातेवाइकांकडे, नाहीतर एखाद्या सोमाली किंवा मुस्लिम कुटुंबात त्याला ठेवा, असे तिचे म्हणणे होते. मूल गेले एका धर्मनिष्ठ ख्रिस्ती घरात. पुढे त्याच घराने त्याला दत्तक घ्यायचे ठरले आणि 2015 साली तिथल्या उच्च न्यायालयाने मंजुरी दिली.

आपल्यातले पुष्कळजण म्हणतील, आमचे मूल पळवले. आम्हाला हे इतके सोपे वाटत नाही. तान्ह्या जिवाला धोका असेल तर सरकारने मध्ये पडलेच पाहिजे. त्या आईनेही 'मूल परत द्या' असा हट्ट धरला नव्हता. तो त्या घरात रुळला आहे, हे तिने ओळखले होते. भेटी चालू राहाव्यात, आपला दीन, आपली माणसे त्याला ठाऊक असावीत, एवढेच तिचे मागणे. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. घरची बोली सुटलेले मूल आजीसमोर कसे मुके होते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. कुरआन शरीफात, सूरह अहजाबमध्ये, सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या बापाच्या नावानेच हाक मारण्याचा हुकूम आहे. सांभाळा, पण नाळ तोडू नका. कफालत म्हणतात ती हीच. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातही तिचा उल्लेख आहे.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 10 डिसेंबर 2021 रोजी एकमताने आईच्या बाजूने निकाल दिला. आई-मुलाचे नाते टिकावे म्हणून सरकारने पुरेसे केले नाही, भेटी फारच थोड्या ठेवल्या, असा ठपका ठेवला. मात्र मुस्लिम घर मिळाले नाही एवढ्यावरून त्याने सरकारला दोषी धरले नाही. शोध झाला होता, घर मिळाले नव्हते.

आम्हाला टोचते ते हेच. रमजानमध्ये यतीमखान्याची पावती घेणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. पण परक्याचे मूल घरात झोपवायचे, त्याच्या तापात रात्र जागायची आणि त्याची आई भेटायला आली की तिच्यापुढे चहा ठेवायचा, याला किती दारे उघडतील? महरम-नामहरमचा प्रश्न लगेच निघतो. तो खराही आहे, पण मूल मोठे झाल्यावरचा. ताब्यात घेतला तेव्हा तो मुलगा 10 महिन्यांचा होता.