ओळख दिली नाही

गेल्या पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेत मधली काकू माझ्यासमोरून गेली आणि मी तिला ओळख दिली नाही. नजरानजर झाली होती, असं ती नंतर आईला म्हणाली. काकांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ‘विधवेचं तोंड कशाला बघेल तो,’ एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

खरं कारण सांगायला लाज वाटते. काकूला मी ओळखायचो ते कपाळावरच्या ठसठशीत कुंकवावरून. ते गेलं आणि माझ्यासाठी बाई अनोळखी झाली.

मला ऑटिझम आहे; निदान पंचविसाव्या वर्षी झालं. ऑटिझम असलेल्या सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना चेहरे ओळखणं जड जातं. या अडचणीला योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिलं. न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनाही ती होती. डोळे ठणठणीत असतात. नाक, ओठ, भुवया सगळं दिसतं; त्यातून ‘ही अमुक’ हे उत्तर येत नाही. मग मी चाल, आवाज, बाइकचा नंबर यांवर भागवतो. शहापूरहून आसनगाव स्टेशनच्या रिक्षात कुणी हसलं की ‘काय, बरं ना?’ म्हणतो. हे कुणालाही चालतं. ऑफिसात सगळ्यांच्या गळ्यात आयकार्ड असतं, ही देवाची कृपा.

मित्र म्हणाला, तुझा हेतू नव्हता, मग अपमान कसला? मला हे पटत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला गावातून एकही बोलावणं नव्हतं. तिच्या जागेवरून गावाचं न बघणं आणि माझं न बघणं एकच. शिवाय गावही तिला कुंकवावरूनच ओळखत होतं की! माझ्याकडे निदान मेंदूचं कारण तरी आहे.

न ओळखणं माझ्या हातात नव्हतं. पण सांगणं होतं, आणि निदान झाल्यापासून मी ते घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. लग्नाच्या बाजारात भाव पडेल म्हणून.

गेलो, सांगितलं. कुंकवापाशी अडखळलो. काकू बराच वेळ गप्प. चिडली की रडू येतंय, चेहऱ्यावरून मला कळेना, म्हणून सरळ विचारलं.

‘माझं मलाच कळत नाही,’ ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

आता मी अंगणात पाय ठेवला की आतूनच हाक येते, ‘मी आहे रे, मधली काकू.’