नवशिक्याची जागा

शिकण्याला वय नसते, असे आपण सगळेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याला उद्देशून म्हणतो. नोकरीतल्या प्रशिक्षणात, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत, निवृत्तांच्या सत्कारात आजन्म विद्यार्थी राहण्याचा सल्ला दिला जातो तेव्हा त्यामागे एक गृहीत असते. शिकण्याची वृत्ती हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे. ती ज्याच्याकडे आहे तो पुढे जातो, नाही तो मागे पडतो, असे ते गृहीत. मला ते अपुरे वाटते. ही कल्पना आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली हे पाहिले, तर लक्षात येते की ही वृत्ती माणसाच्या आत जितकी असते तितकीच त्याच्या भोवती असते. आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करून पहिल्या धड्यापासून सुरुवात करण्याची तयारी, हा तिचा गाभा. आणि ही तयारी फार थोड्या माणसांना एकट्याच्या बळावर जमते.

जुन्या आश्रमव्यवस्थेत शिकण्याचा काळ ठरलेला होता. समावर्तन झाले की शिष्य घरी परतायचा आणि संसाराला लागायचा. तरीही तैत्तिरीय उपनिषदातले आचार्य निरोप देताना बजावतात, की स्वतःच्या अध्ययनात आणि दुसऱ्याला शिकवण्यात हयगय करू नकोस. म्हणजे गुरुगृह सुटले तरी शिकणे सुटत नाही, हा विचार तेव्हाही होता. फक्त बायकांना आणि बहुसंख्य कष्टकऱ्यांना तो ऐकण्याचीही मुभा नव्हती. भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत याच्या पुष्कळ पुढे जातो. तो आपले २४ गुरू सांगतो आणि त्यांत पृथ्वी आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, बाण घडवणारा कारागीर आहे, पिंगला नावाची वेश्या आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत आपली भागवतावरची टीका पुरी केली आणि हा अवधूत मराठीत आला. पुढे कथा-कीर्तनांतून अक्षरओळख नसलेल्यांच्याही ओळखीचा झाला. शिकवणाऱ्याची पायरी पाहायची नाही, हे त्यातले धाडस मला फार मोलाचे वाटते. मात्र अवधूताला घर नाही, हुद्दा नाही, त्याला हसणारे भाऊबंद नाहीत. ज्याला हे सगळे आहे त्याने काय करावे, याचे उत्तर या कथेत मिळत नाही.

ते उत्तर शोधायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात प्रौढांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांना शिकायचे असेल तर शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. तुझ्यात जिद्द असेल तर तू येशील, असे म्हणणे सोपे होते. त्यांनी जिद्दीची परीक्षा घेतली नाही, दिवा लावून वर्ग उघडा ठेवला. पुढच्या काही दशकांत गावोगाव वाचनालये उभी राहिली, आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. परीक्षा नाही, पदवी नाही, तरी मोठी माणसे संध्याकाळी एकत्र बसून ऐकतात, वाद घालतात, ही सवय मराठी समाजाला लागली ती अशा ठिकाणी.

याच रानड्यांची एक हकीकत त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. १८८६ च्या सुमारास सरकारी कामासाठी ही दोघे कलकत्त्यात राहत होती. रानडे तेव्हा चाळिशी ओलांडलेले, न्यायखात्यात मानाच्या पदावर. त्यांनी बंगाली शिकायला घेतले, आणि सकाळी हजामत करायला आलेल्या न्हाव्याकडून अडलेले शब्द आणि उच्चार विचारून घेऊ लागले. रमाबाईंना हसू आले, तेव्हा त्यांनी दत्तात्रेयाच्या, म्हणजे त्या अवधूताच्याच, २४ गुरूंची आठवण दिली. संसारी माणसाने अवधूतासारखे कसे वागावे याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही. पण त्याच पुस्तकात याची दुसरी बाजूही आहे. रमाबाई १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. नवरा शिकवत होता आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याबद्दल टोचून बोलत होत्या. इंग्रजी शिकू लागल्यावर तर बोलण्याला धारच आली. रानडे न्हाव्यासमोर नवशिके झाले, त्याने त्यांच्या प्रतिष्ठेला काही झाले नाही, उलट ती वाढली. रमाबाईंना मात्र प्रत्येक धड्याची किंमत रोज स्वयंपाकघरात मोजावी लागली. वृत्ती दोघांचीही तीच, भोवताल वेगळा. म्हणूनच १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे करताना रमाबाईंनी प्रौढ स्त्रियांच्या वर्गांना स्थान दिले, याचा अर्थ मी असा लावतो, की जो आधार त्यांना एका माणसाकडून मिळाला तो इतर स्त्रियांना संस्थेकडून मिळावा.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार गावाच्या पातळीवर गेला. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर राज्यभर पसरली. गावातल्या शिकलेल्यांनी संध्याकाळी न शिकलेल्यांना शिकवायचे, आणि सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. सारे गाव एकदम पाटी हातात घेते तेव्हा पाटीची लाज कुणालाच वाटत नाही. मोहिमेचे यश इथे होते आणि तिची मर्यादाही इथेच होती. समारंभ संपल्यावर वाचायला पुस्तके आणि सरावाला निमित्त उरले नाही, तिथे आलेली अक्षरे पुन्हा विसरली गेली.

जगभरही साधारण याच काळात ही कल्पना धोरणात शिरली. एदगार फोर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्कोच्या आयोगाने १९७२ च्या अहवालात आजीवन शिक्षण हा सगळ्या शिक्षणव्यवस्थेचा पाया असावा अशी मांडणी केली. तिच्या मुळाशी लोकशाही होती. नागरिकाला आयुष्यभर शिकता येणे हा त्याचा हक्क आणि तशी सोय करणे हे समाजाचे काम. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते याच विचाराच्या प्रकाशात. नव्वदच्या दशकापासून मात्र सूर बदलला. तंत्रज्ञान वेगाने बदलू लागले, नोकऱ्या अस्थिर झाल्या, आणि शिकत राहणे हे हक्काऐवजी ज्याचे त्याने पार पाडायचे कर्तव्य होऊन बसले. कौशल्य जुने झाले तर चूक तुमची. आज ऐकू येणारा आजन्म विद्यार्थ्याचा उपदेश बहुतांशी या वळणाचा आहे. त्याने माणसे शिकतील, पण धास्तीने शिकतील. आणि धास्तावलेला माणूस आपल्याला काय येत नाही ते आधी लपवतो.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी २००६ मधल्या पुस्तकातून बुद्धी वाढवता येते असे मानणारी मनोवृत्ती लोकप्रिय केली. मनोवृत्ती बदला म्हणजे झाले, असा तिचा सोपा अर्थ अनेकांनी घेतला. पण २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या नववीच्या १२,००० हून अधिक विद्यार्थ्यांवरचा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने अभ्यासात मागे असलेल्यांच्या गुणांत वाढ झाली, पण थोडीच; आणि जिथे बरोबरीची मुले अवघड आव्हान घेण्याला मान देत होती तिथे परिणाम अधिक टिकला. म्हणजे ज्या संशोधनाच्या नावाने मनोवृत्तीचा एवढा गजर होतो, तेच संशोधन भोवतालाकडे बोट दाखवते.

यावर पहिला आक्षेप शरीराचा. उतारवयात डोक्यात काही शिरत नाही, मग भोवताल कितीही चांगला असो. वयाबरोबर आठवणीचा वेग मंदावतो हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी प्रौढ मेंदू घट्ट झालेला नसतो. लंडनमध्ये टॅक्सीच्या परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू आधी आणि काही वर्षांनी तपासले. जे ३९ जण उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित एक भाग वाढलेला आढळला, इतरांचा नाही. एका प्रकारच्या स्मरणचाचणीत मात्र हेच उत्तीर्ण मागे पडले. मोठेपणी शिकता येते, आणि त्यासाठी काही सोडावेही लागते, असा याचा प्रामाणिक अर्थ.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. सतत नवे शिकण्याच्या नादात माणूस दहा ठिकाणी चोच मारतो आणि कशातच खोल जात नाही. आज मोबाइलवर अर्धवट सोडलेल्या अभ्यासक्रमांची रांग पाहिली की हे पटते. पण नवशिका राहायला दर महिन्याला नवा विषय लागतोच असे नाही. पां. वा. काणे पेशाने वकील. एका ग्रंथाची प्रस्तावना लिहिता लिहिता त्यांना धर्मशास्त्राच्या इतिहासाचे प्रश्न पडत गेले. त्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा १९६२ मध्ये, ते ८२ वर्षांचे असताना. विषय एकच, पण त्यातले आपल्याला न कळलेले शोधत राहणे तीन दशके चालले.

उरतो तो प्रश्न वेळेचा, आणि तो टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून गोव्यातून निघाले आणि बौद्ध धर्माच्या ओढीने काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे फिरत पाली भाषेचे मोठे पंडित झाले. त्या ज्ञानाचे ऋण मराठीवर कायमचे आहे. पण ती वर्षे घर कुणी सांभाळले, हा हिशेबही मांडला पाहिजे. कुणाच्या तरी शिकण्यासाठी दुसऱ्या कुणाचे शिकणे थांबते, आणि थांबणारी व्यक्ती बहुधा बाई असते. हा अडथळा स्वभाव बदलून हटत नाही, वेळेची वाटणी बदलून हटतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी साठी ओलांडलेल्या बायकांसाठी शाळा सुरू झाली. तिची वेळ दुपारची ठेवली, म्हणजे सकाळची कामे उरकून येता येईल. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि तिच्यासमोर पाटी घेऊन बसणाऱ्यांत तिची सासूही.