नवस आणि कुलधर्म
निजामशाहीचे सरदार मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला पुत्रप्राप्तीसाठी नवस केला आणि त्याच्याच नावावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. त्यामुळे कुलधर्म, म्हणजे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली उपासना, अन्य धर्मातील संतापुढे नतमस्तक झाल्याने ढळतो काय, हा प्रश्न उभा राहतो. याच मालोजीराजांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूरला, कुलदैवत शंभू महादेवाच्या यात्रेत पाण्यावाचून हाल सोसणाऱ्या भाविकांसाठी, मोठे तळे बांधले. कुलदैवतावरील निष्ठा अखंड राखून पिराला मान देण्यात त्यांना विसंगती वाटली नाही, आणि ही दृष्टी निःसंशय उदात्त होती.