सात वर्षं थांबू नकोस

चि. भाचीस,


तुझ्या आईचा फोन आला होता. इंदूरला बडा गणपतीच्या आपल्या गल्लीत जो तो सांगतोय म्हणे, की नवरा बेपत्ता झाला तर सात वर्षं थांबा, मग आपोआप मोकळीक मिळते. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नाही. पण त्यांचं ऐकून आणखी चार वर्षं घालवू नकोस. आपोआप काहीही होत नाही. सात वर्षांनंतरही अर्ज करावाच लागतो, पुरावा द्यावाच लागतो. आणि तुझ्या बाबतीत तेवढं थांबायचं कारणच नाही.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये घटस्फोटाची ही दोन कारणं वेगवेगळी दिली आहेत. ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागायला हवी, त्यांना सात वर्षं किंवा जास्त काळ जोडीदार जिवंत असल्याचं कळलेलं नाही, हे एक. सलग दोन वर्षं जोडीदाराला टाकून जाणं, हे दुसरं. तुझा नवरा जाऊन तीन वर्षं होऊन गेली.

मात्र अर्जाआधी एका प्रश्नाचं उत्तर तू स्वतःला खरं दे. तो हरवलाय, की दडलाय? नुसतं दूर राहणं म्हणजे टाकून जाणं नव्हे. संसार मोडायचा इरादाही दिसावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती या खटल्यात 1956 सालीच सांगितलं. मला असं एक घर माहीत आहे, जिथे नवऱ्याचं मन ठिकाणावर नव्हतं. सकाळचा चहा पिऊन तो घराबाहेर पडला तो परतलाच नाही. त्याने बायकोला टाकलं असं म्हणणं अन्यायाचं झालं असतं. तुझं तसं नाही. पुण्याला हडपसरच्या तुमच्या फ्लॅटमधल्या कपाटातून त्याची सर्टिफिकेटांची फाइल गेली, पासपोर्ट गेला, जॉइंट खात्यातले पैसे त्याच आठवड्यात निघाले. अपघातात सापडलेला माणूस दहावीची मार्कशीट बरोबर नेत नाही.

आणि तो गेल्यानंतरच्या दिवाळीत धाकट्या दिराला नव्या नंबरवरून त्याचा मेसेज आला होता. आई म्हणते, ते कोर्टात काढायचंच नाही, नाहीतर तो सापडेल आणि सगळं लांबेल. या पत्रातलं माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, की ते लपवू नकोस. तुझा दावा त्या मेसेजवर पक्का होतो. तो जिवंत आहे आणि मनाने गेलाय, हे त्यातूनच दिसतं. लपवलंस तर काय होईल तेही सांगते. तो आला नाही तर कोर्ट एकतर्फी हुकूमनामा देईल. पण असा हुकूमनामा रद्द करून मागायला त्याला तीस दिवस असतात, आणि समन्सची रीतसर बजावणी झाली नसेल तर ते दिवस त्याला हुकूम कळल्यापासून मोजतात. पेपरातल्या जाहिरातीने झालेली बजावणी मुदतीच्या कायद्यात या कामापुरती रीतसर धरतच नाहीत. म्हणजे पाच वर्षांनी उगवून तो म्हणू शकतो, मला आजच कळलं. तेव्हा तुझ्या फाइलमध्ये शोधाचा प्रत्येक कागद असला, तर कोर्ट तुझ्याकडे एका नजरेने पाहील; त्याच्या भावाकडे आलेला नंबर ठाऊक असून सांगितला नाही असं निघालं, तर दुसऱ्या. तोवर तू दुसरं घर मांडलं असशील, हे विसरू नकोस.

म्हणून शोध मनापासून घे. त्याच्या कंपनीला रजिस्टर्ड पत्र, सासरच्या पत्त्यावर पत्र, त्या नव्या नंबरवर मेसेज. पुण्याच्या पोलीस ठाण्यातल्या मिसिंगच्या नोंदीची नक्कल आण. 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आलेला लिफाफा फोडू नकोस, तसाच वकिलाकडे दे. सासूबाई बोलल्या नाहीत तरी त्यांना विचारलं होतंस एवढं कागदावर येऊ दे.

अर्ज इंदूरलाच कर. 2003 च्या दुरुस्तीपासून बायको राहते तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो, दर पेशीला पुण्याची गाडी धरावी लागत नाही. आधी साधे समन्स निघतील. ते परत आले, की दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 5, नियम 20 खाली पर्यायी बजावणी मागायची. मग कोर्टात आणि त्याच्या शेवटच्या ठाऊक घरावर नोटीस चिकटवतात, नाहीतर पेपरात देतात. इथे नीट लक्ष दे. तुमच्याकडे कोणीतरी सुचवेल, की इंदूरच्या एखाद्या सांज दैनिकात स्वस्तात देऊन टाकू. नको. तो शेवटी जिथे राहत किंवा काम करत होता, त्या भागात खपणारं दैनिक कायद्याला हवं. तो पुण्यात होता, तेव्हा जाहिरात पुण्याच्या मराठी दैनिकात आली पाहिजे.

वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दे. नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर घटस्फोट करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या दारात उभी राहू नकोस. तुमच्यात तशी रूढी नाही, त्या कागदाला काही किंमत नाही.

सात वर्षांची वाट पाहून, कोर्टाचा हुकूम न घेता दुसरं लग्न केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. फौजदारी गुन्ह्यातून त्या सुटतात, कारण कायद्यात तसा अपवाद आहे. पण पहिला नवरा जिवंत निघाला तर दुसरं लग्नच रद्दबातल ठरतं. तुला हुकूमनामा हवा, आणि त्यानंतर अपिलाची मुदत, निदान नव्वद दिवस, जाऊ दे. घटस्फोटानंतर त्याच्या मिळकतीत बायको म्हणून तुझा वारसा राहणार नाही. तुमच्या मुलाचा हक्क मात्र जात नाही. पोटगी अर्जातच मागून ठेव.

लोक काय म्हणतील, असं आई तीनदा म्हणाली. तिला सांग, पराशर स्मृतीत स्त्रीला दुसरा पती करता येईल अशा ज्या पाच आपत्ती आहेत, त्यांत पहिलीच नवरा नाहीसा होण्याची. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी तोच आधार घेतला आणि 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. आणि आपल्याकडे संगमनेरला अ‍ॅड. निशा शिवूरकर टाकलेल्या बायकांसाठी उभ्या राहिल्या, त्यांच्या लढ्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. नवरा निघून गेलेली बाई ना सधवा ना विधवा अशी घरोघर कोपऱ्यात बसायची, तिला नाव आणि हक्क मिळावेत म्हणून लोक रस्त्यावर आले. आईने गणपतीला नवस बोललाय, तो तिने खुशाल फेडावा. तुझा अर्ज मात्र त्यासाठी अडवू नये.

मिसिंगची नक्कल आणायला मी हडपसरला जाईन. तुझ्या सहीचं अधिकारपत्र आणि आधारची झेरॉक्स कुरियरने पाठव. दिराचा तो मेसेज मूळ फोनवरून पुसला जाण्याआधी त्याच्याकडून तारखेसकट स्क्रीनशॉट घे, आणि तो साक्षीला येईल का, हेही या आठवड्यातच विचार.

तुझी,
मावशी