बोट उठेपर्यंत

सावकाश बसा.

एक श्वास आत येऊ द्या. येईल तेवढाच.

जाऊ द्या.

आज एका मनगटाजवळ बसायचं आहे. ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाच्या मनगटाजवळ.

जागा नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरातली. सेंट बाव्होचं जुनं, उंच चर्च. आत गारवा आहे. दगडी खांब वर वर जातात.

भिंतीवर ऑर्गन उभा आहे. क्रिस्तियान म्युलर या कारागिरानं तो १७३८ साली पुरा केला. पाच हजारांहून जास्त नळ्या आहेत त्याला. १७६६ मध्ये दहा वर्षांचा मोत्झार्ट येऊन तो वाजवून गेला.

सगळा ऑर्गन बघायला जाऊ नका. नजर हळूहळू खाली आणा.

नळ्यांवरून खाली. कोरीव लाकडावरून खाली. पट्ट्यांपर्यंत.

पट्ट्यांच्या तीन ओळी, एकीच्या वर एक. पायांसाठी आणखी एक ओळ, जमिनीलगत.

वादक बसला आहे. बाही थोडी वर सरकली आहे.

डाव्या मनगटावर घड्याळ.

इथे थांबू या.

नुसतं बघा. मनगट. पट्टा. काचेवर पडलेला थोडा उजेड.

घड्याळ जड नाही. तरी एका हाताला ते आहे आणि दुसऱ्याला नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर आहेत. उजवा थोडा हलका.

तुमचे हात मांडीवर असतील. त्यांचं वजन जाणवतंय का, बघा.

उजव्याचं. मग डाव्याचं.

घाई नको.

आता वादकाचा डावा हात वरच्या ओळीवर जातो. बोटं वर, आणि मनगट खालच्या ओळीच्या डोक्यावर तरंगतं. बक्कल आणि खालच्या पट्ट्या यांच्यात थोडीशीच हवा उरते.

त्या हवेकडे बघा.

मनगट जरा खाली आलं तर बक्कल लाकडाला लागेल. टक् होईल. किंवा एखादी पट्टी दबेल आणि कुणी न मागितलेला सूर चर्चभर होईल.

म्हणून कुणी घड्याळ काढून बाजूला ठेवतं. कुणी ते घालूनच वाजवतं, कारण प्रार्थना ठरल्या वेळी सुरू व्हायची असते. लोक येऊन बसेपर्यंत वाजवत राहायचं असतं, आणि वेळेवर थांबायचंही असतं.

दोघांनाही राहू द्या. आत्ता काही ठरवायचं नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आता एक बोट बघा. एकच.

ते पट्टीवर टेकतं. दाबतं. सुरुवातीला किंचित अडतं.

पट्टीपासून आतपर्यंत लाकडाच्या बारीक, लांब काड्या जोडलेल्या असतात. त्यांच्या पलीकडच्या टोकाला एक झडप. वाऱ्याच्या दाबानं ती मिटून बसलेली असते. बोटाला जो अडसर लागतो, तो त्या वाऱ्याचा.

मग झडप सुटते. वारा नळीत शिरतो.

सूर लागतो.

ऐका.

सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि लगेच उतरायला लागतो. देवळातली घंटा मोठ्यानं वाजते, मग तिचा नाद पातळ होत जातो. वाजवणाऱ्यानं हात बाजूला घेतला तरी तो आपला आपण विरतो.

ऑर्गनचा सूर उतरत नाही.

भात्यात वारा आहे, बोट खाली आहे, तोवर तो तसाच. पहिल्या क्षणी जेवढा होता तेवढाच आताही. आणि आताही.

मराठी कानाला हे परकं नाही. संगीत नाटकात रंगमंचापुढे पायाचा ऑर्गन असे. नळ्यांऐवजी पितळेच्या रीड, बाकी तसाच वारा, फक्त पायानं भरलेला. गाणारा नट श्वास घ्यायला थांबला की खाली सूर चालू राही.

तसा एक सूर आता चालू आहे.

त्याच्याबरोबर राहा.

तुमचा श्वास बाहेर जातो आणि संपतो. काही न करता संपतो. तो कसा संपतो, ते एकदा बघा.

पुन्हा एकदा.

ऑर्गनचा हा सूर असा संपणार नाही. तो संपायला कुणालातरी बोट उचलावं लागेल.

आत्ता बोट खाली आहे.

आता त्याच हाताच्या घड्याळाकडे कान न्या.

आज बहुतेक घड्याळांत क्वार्ट्झचा एक इवला तुकडा असतो. त्याला दोन बारीक टोकं असतात, सूर जुळवायच्या चिमट्याला असतात तशी. एका सेकंदात तो ३२,७६८ वेळा कंप पावतो.

इतका उंच आवाज माणसाच्या कानाला येत नाही. तरी तो तिथे चालू आहे, मनगटाच्या कातडीला लागून.

त्याला हळूहळू खाली आणू या.

कंपनं निम्मी केली की सूर एक सप्तक खाली येतो.

१६,३८४.

आणखी एक सप्तक खाली. ८,१९२.

४,०९६. इथे तो स्पष्ट ऐकू येतो. शिट्टीसारखा, पातळ.

खाली. २,०४८. १,०२४.

खाली. ५१२. २५६. आता गळ्यातून काढता येईल असा.

१२८. ६४. आता घनगंभीर.

३२.

१६.

इथे थांबा.

हार्लेमच्या या ऑर्गनमधली सगळ्यात मोठी नळी बत्तीस फुटी मापाची आहे. जवळपास दहा मीटर. तिचा सूर सेकंदाला साधारण इतक्याच कंपनांचा. तो कानापेक्षा बाकाला आधी कळतो. मग पाठीला. मग छातीला.

मनगटावरचा इवला तुकडा आणि भिंतीतली ही नळी जवळजवळ एकाच सुराच्या आहेत. मध्ये अकरा सप्तकं.

जवळजवळ.

आणि आणखी खाली उतरलं तर? ८. ४. २.

१.

सेकंदकाट्याचं एक पाऊल.

तेही ऐका. पाऊल. मग थांबणं. मग पाऊल.

सूर मात्र मध्ये कुठे थांबत नाही.

दोन्ही एकत्र ऐकू या. तुटक पावलं, आणि त्यांच्या खालून जाणारा अखंड सूर.

श्वास आत.

श्वास बाहेर.

घड्याळ आणि ऑर्गन फार जुने सोबती आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबिओस नावाचा माणूस होता. पाण्याच्या दाबानं वारा स्थिर ठेवून नळ्या वाजवायची युक्ती त्याची मानली जाते. ऑर्गनची वंशावळ तिथपर्यंत मागे जाते. त्याच माणसानं पाणघड्याळही सुधारलं, पाणी एका चालीनं वाहत राहावं म्हणून.

एका भांड्यातलं पाणी सूर डळमळू देत नव्हतं. दुसऱ्या भांड्यातलं पाणी वेळ डळमळू देत नव्हतं.

आपल्याकडे लग्नघरात घटिकापात्र असे. पाण्यावर सोडलेली, तळाला बारीक भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं, पुरी होई. वेळ बघणं म्हणजे तेव्हा पाण्याकडे बघत बसणं होतं.

तसं बसू या. थोडा वेळ.

वाटीत पाणी चढतं आहे.

चढतं आहे.

पट्टीकडे परत या. बोट अजून खालीच आहे.

आता वादकाचे डोळे क्षणभर घड्याळाकडे जातात. मान हलत नाही. फक्त डोळे.

या क्षणाजवळ हळूच बसा.

डोळे गेले, तेव्हा कान कुठे होता? आणि बोट?

उत्तर द्यायचं नाही. बघायचं फक्त. तुमचं लक्षही मघापासून एकदोनदा कुठेतरी जाऊन आलं असेल. येऊ द्या. जसं गेलं तसं आलं.

सूर तिथेच आहे.

आता तेच मनगट घड्याळाशिवाय बघा. पट्ट्याच्या जागी कातडीचा फिकट पट्टा. त्यावर पट्ट्याच्या कडांची हलकी रेघ. तिथली कातडी उघडी, जरा थंड.

डोळ्यांना जायला जागा नाही. ते पट्ट्यांवर परततात.

सूर तोच आहे. तेवढाच.

एक ऑर्गन असा आहे की त्याच्यापाशी मनगटच नाही.

जर्मनीत हाल्बरश्टाट गावी, सेंट बुर्कार्डी चर्चमध्ये, जॉन केजची एक रचना वाजते आहे. जमेल तितकं सावकाश, एवढीच तिची सूचना. तिथल्या लोकांनी ती ६३९ वर्षं चालवायचं ठरवलं. ५ सप्टेंबर २००१ ला ती सुरू झाली, आणि सुरू झाली ती शांततेनं. पहिला सूर सतरा महिन्यांनी आला.

तिथे बोटांऐवजी वाळूच्या छोट्या पिशव्या लटकवून सूर धरून ठेवतात. सूर बदलायचा दिवस तारखेनं ठरलेला असतो. ५ फेब्रुवारी २०२४ ला असा एक बदल झाला. लोक जमले, सूर बदलला, लोक गेले. नवा सूर रात्रंदिवस चालू राहिला.

२६४० साली ही रचना थांबायची आहे.

वाळूची पिशवी मनात धरा. ती वाट बघत नाही. ती कंटाळत नाही. ती ऐकतही नाही.

आता बोट मनात धरा.

ते ऐकतं आहे.

हार्लेमला परत या. सूर चालू आहे.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चौतीस मीटर लांब बसलेल्या माणसाच्या कानाशी तो सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. काटा इतकं बारीक दाखवत नाही. वादकाला ते अंगानं माहीत असतं. भिंतीवरून परत आलेल्या आवाजाची वाट बघत बसलं तर लय मागे पडते, हे त्याच्या बोटांनी शिकून घेतलेलं असतं.

आणि दगड आवाज लगेच सोडत नाहीत. बोट उठल्यावरही काही सेकंद तो छताखाली राहतो.

म्हणून वादक आधी चर्च ऐकतो. माणसांनी भरलेलं चर्च आवाज लवकर पिऊन टाकतं. रिकामं चर्च तो धरून ठेवतं. एकच पट्टी सकाळी एका क्षणी सोडायची असते, दुपारी जरा वेगळ्या.

आपणही खोली ऐकू या. तुम्ही बसला आहात ती.

लांबचा आवाज.

जवळचा आवाज.

अगदी जवळचा, तुमच्या श्वासाचा.

आता बोट उठणार आहे. अजून उठलेलं नाही.

त्याच्या आधीचा हा थोडा वेळ. सूर पूर्ण भरलेला. मनगट सैल. बोटाच्या टोकाखाली पट्टी वर यायला टेकलेली.

किती वेळ झाला, हे मनगटावर लिहिलेलं असेल, किंवा नसेल. उठायचा क्षण कानात तयार होतो आहे.

होऊ द्या.

होऊ द्या.

बोट उठतं.

झडप मिटते. वारा थांबतो. नळी गप्प होते.

छताखाली सूर अजून आहे. त्याच्या मागे मागे जा, ऐकू येईल तिथपर्यंत.

आणखी थोडं.

आता हातपाय हलवा. डोळे मिटले असतील तर उघडा. काढून ठेवलेलं घड्याळ हवं तर बांधा. वाजवणारे असाल तर बक्कल खालच्या ओळीला लागत नाही ना, तेवढं पाहून घ्या.

आणि पुढच्या वेळी चर्चमध्ये, नाट्यगृहात किंवा शेजारच्या घरात कुणी पेटी वाजवायला बसलं, तर एक करून बघा. सूर लागतो तेव्हा आपण सगळेच कान देतो. तो कुठे सोडला जातो, तिकडे कान द्या. एका गाण्यात असे शेकडो शेवट येतात, आणि त्यातला प्रत्येक शेवट वाजवणाऱ्यानं ठरवलेला असतो.