कोरा रकाना



आपल्यापैकी अनेकांना पूर्वजांचा शोध घ्यावासा वाटतो. जनगणनेचा इथे उपयोग नाही. १९४८च्या कायद्याने तिच्यातील व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवली आहे. ती आपली संख्या सांगते, नावे नाही. नावे सांगते ती देवळातील नोंदवही. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली अशा वह्या ठेवण्याचा आदेश दिला. तिच्यात फ्रान्सिस, जॉन पानोपानी भेटतात. पण एखादा बोनाव्हेंचर सापडला, पुढे त्याच नावाचा नातू आढळला, की घराण्याचा धागा हाती लागतो.

आणि त्या धाग्याच्या टोकाला पित्याचा रकाना कोरा निघाला तर? आपण घाईने पान उलटावे काय? संत मत्तयने येशूच्या वंशावळीतून तामार, राहाब, रूथ यांना वगळले नाही; उरीयाची पत्नीही तिथे आहे. सत्य नाकारू नये, तसेच ज्यांना उत्तर देता येत नाही अशा मृतांची चर्चा चारचौघांत करू नये. त्या कोऱ्या रकान्याशेजारी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असतात. कोणीतरी त्या बाळासाठी उभे राहिले होते. मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना त्या बाळाच्या मातेचीही आपण आठवण ठेवू या. तीही आपलीच पूर्वज आहे.