बंद फाटकापाशी

म्हैसूरहून मोटारसायकलने उटीस निघालेले आम्ही दोघे गुंडलुपेटला चहापाण्यात रेंगाळलो. बंदीपूरच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि फाटक बंद होते. गाड्यांखाली वन्य पशू मरतात म्हणून २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ हा अरण्यमार्ग बंद असतो.

"दहा मिनिटांनी काय बिघडते?" म्हणून आम्ही पहारेकऱ्याशी हुज्जत घातली. इतक्यात रुग्णवाहिका आली. तिच्यासाठी फाटक लागलीच उघडले. आम्ही निरुत्तर झालो. तिची गरज होती, आमची हौस होती.

वाचकहो, हौसेला हक्क म्हटले की दुसऱ्याचा वाटा दिसेनासा होतो. रात्र वनपशूंची, दिवस मनुष्याच्या कामाचा, ही १०४ व्या स्तोत्रातील वाटणी आम्ही शब्बाथ शाळेत कितीदा शिकवली! पाळण्याची वेळ आली तेव्हा मात्र वाद घातला.

रात्र गुंडलुपेटला काढली. सकाळी मुदुमलाईच्या रानातून मसिनगुडी गाठली, आणि छत्तीस वळणांचा घाट चढताना निलगिरीचे डोंगर डोळे भरून पाहिले. आमचे काहीच हुकले नव्हते. ज्यांना आपली फिर्याद मांडता येत नाही, त्यांच्यासाठी नऊ तास थांबणे फार आहे काय?